आठ आठवड्यांची रशियन

मी रशियन शिकलो ती पाण्यासाठी. हे मी आजवर कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही. मास्तरकीसाठी मुलाखती दिल्या तेव्हा मी साहित्याविषयी बोललो, दोन देशांच्या मैत्रीविषयी बोललो, समोरच्यांना आवडेल ते सगळं बोललो. खरी गोष्ट एवढीच होती, की आमच्या गावाला बोअरचं मशीन हवं होतं आणि ते मशीन रशियन होतं.

दुष्काळाचं ते लागोपाठचं तिसरं साल. वडवणीच्या बाजारात घेणारा कुणी नव्हता, नुसती विकायला आणलेली जनावरं बरगड्या दाखवत उभी असायची. निम्मं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतं. अशात बातमी आली, की जिल्ह्याच्या सहकारी संघाकडे एक मोठं मशीन आलंय, त्याच्यासोबत एक रशियन इंजिनिअर आहे आणि उन्हाळ्याच्या शेवटी ते आपल्या भागात येणार आहे. एका गावाला एकच दिवस. कुठलं गाव आधी, ते ठरलेलं नव्हतं.

आमच्या सोसायटीचे चेअरमन तिसरी शिकलेले, पण माणूस भारी हुशार. मागे एकदा खताच्या गाड्या अडल्या होत्या, तेव्हा त्यांनी खतवाटपाच्या साहेबाची सासुरवाडी आष्टीची असल्याचं शोधून काढलं आणि आष्टीचाच एक माणूस मध्ये घालून गाड्या आमच्या गावाकडे वळवल्या होत्या. आता त्यांनी तोच हिशेब मांडला. "साहेबाला त्याच्या भाषेत रामराम घालनारा मानूस ज्या गावात, मशीन त्या गावात पयलं," ते म्हणाले. दिल्लीहून दुभाषा येणार होता, पण तो एकटा तीन जिल्ह्यांत फिरणार. तो आला नाही तर आपली सोय आपण करून ठेवायची, असा त्यांचा विचार. पुण्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवड्यांचा रशियनचा वर्ग असतो, हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

त्या वेळी गावातली दोनच पोरं बीडला बी.ए. करत होती. एक मी. दुसरा माझा वर्गमित्र, ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतला. आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो, एकाच स्टोव्हवर भात टाकायचो. बसस्टँडजवळच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून त्यानेच एकदा रशियन बाराखडीचं पुस्तक आणलं होतं. का, तर अक्षरं उलटी दिसतात म्हणून. आठ दिवसांत तो ती अक्षरं धडाधडा वाचायला लागला. मी महिनाभर अडखळत होतो.

सोसायटीच्या बैठकीत मला पाठवायचं ठरलं. कारण कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मीही विचारलं नाही. तोच मला बसपर्यंत सोडायला आला, माझी ट्रंक त्याच्याच डोक्यावर होती. "तू शिकून ये बे, मंग मला शिकीव," तो म्हणाला. "एकाच्या भाड्यात दोगं शानी व्हवू." मला तेव्हा वाईट वाटलं होतं का? वाटलं असावं, असं लिहायचा मोह होतोय. आठवतं ते एवढंच, की खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून मी खूश होतो.

पुण्यातल्या त्या वर्गाचा एकच कायदा होता. आठ आठवडे मराठी बंद. हिंदी बंद, इंग्रजी बंद. सुट्टीत रिकाम्या झालेल्या वसतिगृहात आम्ही पंधरा-सोळा जण राहत होतो आणि उठल्यापासून झोपेपर्यंत जे काही बोलायचं ते रशियनमध्ये. शिकवणाऱ्या बाई मूळच्या रशियाच्याच, लग्न होऊन पुण्यात आलेल्या. सुती साडी नेसायच्या आणि भाजीवाल्याशी चोख पुणेरी मराठीत भांडायच्या, पण आमच्यासमोर त्यांना मराठीचं अक्षर कळत नसे. मी पहिल्या दिवशी पोट दुखतंय असं मराठीत सांगितलं, तर त्या दगडासारख्या बघत राहिल्या. शेवटी मी पोट धरून दाखवलं, तेव्हा त्यांनी त्या दुखण्याचं रशियन वाक्य माझ्याकडून सहा वेळा म्हणवून घेतलं आणि मग ओवा दिला.

जो मराठी बोलताना सापडेल त्याचं त्या जेवणाचं ताक बंद. पुण्याच्या उन्हाळ्यात ही शिक्षा साधी नव्हती. पहिले दहा दिवस तर मी मुकाच झालो होतो. मीठ हवं तर बोट दाखवायचं, राग आला तर गिळायचा. डोकं दुखायचं, अंग रागाने नुसतं फणफणायचं. स्वयंपाकघरातल्या मावशींना कायदा लागू नव्हता. त्या आपसात सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या आणि आम्ही तीन-चार खेड्यांतली पोरं, कारण नसताना पाण्याचा तांब्या घेऊन त्या दारात उभी राहायचो. मराठी कानांवर पडावी म्हणून.

पाणी तिथं नळाला यायचं. मी नळाखाली बसलो की आधी सुख वाटायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा. आईची पत्रं यायची. तिला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि माझा मित्र लिहायचा. तो सुट्टीत गावीच होता, खडीच्या कामावर. पत्रं फक्त रविवारी वाचायची परवानगी होती. आईच्या मजकुराखाली त्याच्या दोन ओळी असायच्या. ओढ्याच्या वाळूत खणलेले झिरे आटले, वस्तीतल्या बाया आता दोन कोसांवरच्या खाणीत उतरतात. गावच्या विहिरीवर तासन् तास थांबावं लागतं आणि वर उभं राहून वाढणारे वाढतील तेवढंच मिळतं. हे सगळं तो तक्रार न करता, हवापाण्याची खबर द्यावी तसं लिहायचा. शेवटी दर वेळी विचारायचा, की आज काय नवं शिकलास.

पाचव्या आठवड्यात काहीतरी सुटलं. मला वाटतं ज्यांनी अशा वर्गात डोकं भाजून घेतलंय, त्यांनाच हे कळेल. तोवर मी प्रत्येक वाक्य आधी मराठीत जुळवायचो, मग त्याला एकेक कपडा चढवायचो. एका सकाळी बाईंनी विचारलं, तुझ्या गावात आता काय चाललं असेल? आणि मी बोलत सुटलो. विहिरीचा तळ, तळातला गाळ, गाळातून वाटीने भरलेली घागर, माझ्या आईचे खरखरीत हात. माझं बोलून झालं. बाई म्हणाल्या, "आता ही भाषा तुझी झाली. मधला दुभाषा तू हाकलून दिलास." वर्षानुवर्षं पुस्तकं घोकून जे होत नाही, ते आठ आठवड्यांच्या त्या कोंडवाड्यात होतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. शिकायला दुसरी वाटच नसली, की माणूस शिकतो.

मी परत आलो आणि चेअरमनची अटकळ खरी ठरली. दिल्लीचा दुभाषा उन्हाने आजारी पडून परत गेला होता. संघाच्या कचेरीत इंजिनिअर साहेब खुणांनी काम चालवून वैतागले होते. मी दारात उभा राहून त्यांना त्यांच्या भाषेत नमस्कार केला, प्रवास कसा झाला ते विचारलं. उंच, खांदे वाकलेला, नाकाचं सालपट निघालेला माणूस. त्याने माझे दोन्ही हात धरले. तिसऱ्या दिवशी मशीन आमच्या गावात होतं.

चेअरमन त्या दिवशी फेटा बांधून आले होते. पाणाड्याने आधीच तळहातावर नारळ ठेवून जागा काढली होती, मारुतीच्या देवळामागे, सोसायटीच्या गोदामाशेजारी. पूजा झाली, नारळ वाढवला. सगळं गाव तिथं होतं. बायांनी घागरींच्या रांगा लावल्या होत्या, त्यात माझी आई पहिल्या पाचात. वस्तीतली माणसं जरा बाजूला, बाभळीखाली उभी होती आणि त्यांच्यात माझा मित्र.

आमच्याकडे एक रीत आहे. विहिरीच्या कामावर पहिला टिकाव पडल्यापासून पाणी लागेपर्यंत त्या जागेवर कुणी 'नाही' म्हणायचं नाही. खणणाऱ्याला आणखी भाकरी नको असेल तर तो 'बास' म्हणेल, हात आडवा धरेल, पण 'नाही' म्हणणार नाही. चेअरमननी ही रीत बोअरलाही लावली होती. सकाळीच त्यांनी बजावलं होतं, "कुनाच्या तोंडून न्हाई निघालं तर जीभच हासडीन."

साहेबाने मात्र पूजेकडे फारसं लक्ष दिलं नाही. तो आधी देवळामागचा खडक बघून आला, मग नकाशा काढून ओढ्याकाठाने चालत गेला. अर्ध्या तासाने परतला आणि माझ्याशी बोलू लागला. हळू, स्पष्ट, शहाण्या माणसासारखा. म्हणाला, "इथं नको. इथं खाली सलग कातळ आहे, कितीही गेलात तरी कोरडं. ओढ्याच्या पलीकडे ती घरं आहेत ना, त्यांच्या खालच्या अंगाला खडक फुटलेला आहे. तिथं पाणी आहे आणि फार खोलही नाही. मशीन तिकडे घ्यायला सांग."

मला एकूण एक शब्द कळला. कातळ हा शब्द बाईंनी शिकवला नव्हता, पण त्याने हाताने दाखवला आणि तोही कळला.

"काय म्हन्तेत साहेब?" चेअरमननी विचारलं.

मी रिवाजावर ढकलून बरीच वर्षं काढली. त्या जागेवर 'नाही' कसं म्हणणार, असं स्वतःला सांगत राहिलो. ते खरं नाही. 'नाही' न म्हणताही सांगता आलं असतं, 'साहेब म्हणतात, पलीकडं चला' एवढंच म्हणायचं होतं. पण पलीकडं म्हणजे वस्तीत. गावाचं पाणी वस्तीत निघणार, घागर घेऊन आमच्या बाया तिथं जाणार, तिथल्या बायांच्या मागे रांगेत उभ्या राहणार. मी फेट्याकडे बघितलं, पुजाऱ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. हे सांगणारा मी असणार होतो. मला भीती वाटली. आणि भीतीच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला मला इतकी वर्षं लागली. पाणी त्यांच्या बाजूला निघावं, हे माझ्याही मनाला रुचलं नाही.

"साहेब म्हन्तेत, जरा खोल जावं लागंल," मी म्हणालो.

"जाऊ की मंग!" चेअरमन ओरडले आणि लोकांनी मारुतीचा जयजयकार केला. माणसं पाइप उतरवू लागली. साहेब गोंधळला. त्याने मला विचारलं, "तू सांगितलंस ना त्यांना?" मी म्हणालो, "सांगितलं. पण ही जागा त्यांच्या देवाची आहे. वडीलधारी ऐकत नाहीत." हे मी रशियनमध्ये म्हणालो, एका दमात, मनात मराठी न जुळवता. बाईंनी ऐकलं असतं तर उच्चारांसाठी पाठ थोपटली असती. साहेबाने खांदे उडवले आणि यंत्राला हात घातला.

दुपारभर पांढरी भुकटी उडत राहिली. लोकांचे केस, मिशा, घागरी, सगळं पांढरं झालं. दिवस कलला तेव्हा साहेबाने यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या गावाला जायचं होतं.

चेअरमन मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फेटा सोडून खांद्यावर टाकत ते म्हणाले, "जाऊ दे लेकरा. दोन म्हैन्यात काय भाषा येती व्हय? कायतरी इकडचं तिकडं झालं आसंल." आणि सगळ्या गावाने तेच धरलं. दोन महिन्यांची विद्या ती, अर्धीकच्ची. मी मान खाली घातली आणि ते तसंच राहू दिलं. ज्या वर्गाने मला एवढं दिलं, त्याच्यावर मी माझं पाप ढकललं आणि बाईंना पत्रही लिहिलं नाही.

मित्र देवळाच्या पारापाशी भेटला. "तो ओढ्याकडं हात करीत व्हता ना रं?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "रस्ता विचारत होता, पुढच्या गावाचा." त्याने मान डोलावली. "मला वाटलं आमच्याकडचं कायतरी बोलतोय." मग तो हसला. "का आसं येड्यावानी वाटलं, काय म्हाईत."

त्याच महिन्यात त्याची आई खाणीत पाण्याला उतरताना घसरली. मांडीचं हाड मोडलं, ते वाकडंच बसलं. पाणी आणायला घरात दुसरं कुणी उरलं नाही. तो बीडला परत आलाच नाही. मी खोलीवरून त्याचं सामान आणून दिलं, त्यात ते बाराखडीचं पुस्तकही होतं. तो म्हणाला, राहू दे तुझ्याकडं, तुला कामाला येईल. आलंही. मी पुढे पुन्हा पुण्याला गेलो, रशियनमध्ये एम.ए. केलं, मास्तर झालो. तो ऊसतोडीला गेला, मग मुकादमाचा हिशेबनीस झाला, मग कुठे थोडी शेती. पुष्कळ वर्षांनी वस्तीच्या खालच्या अंगाला सरकारी विहीर झाली, तिला सहज पाणी लागलं. ते सांगायला तो माझ्याकडे मुद्दाम आला होता. "त्या गोऱ्याला एवडालं मशीन आनून कळलं न्हाई," म्हणाला, "आन् आमच्या पोरांनी टिकावानं काढलं." खूप हसला. मीही हसलो. त्या हसण्याची मला जितकी शरम वाटते तितकी त्या दिवशीच्या खोट्याचीही वाटत नाही.

आमची दोस्ती टिकली. टिकवली त्याने. नारायणगडच्या जत्रेला मी गावाकडे आलो की त्याच्या घरी जेवायचं ठरलेलं. त्याची वाकड्या पायाची आई भाकरी थापायची आणि मी खायचो. ती गेली त्या वर्षी मी काहीतरी बोलायचं ठरवून गेलो होतो आणि न बोलता परत आलो.

आता मी निवृत्त होऊन बीडमध्ये असतो. आमच्याकडची पोरं डॉक्टर व्हायला रशियाला जायला लागली, तशी मी उन्हाळ्यात घराच्या वरच्या मजल्यावर वर्ग सुरू केला. आठ आठवडे, मराठी बंद. माझ्या बाईंनी शिकवलं तसंच शिकवतो, फक्त ताकाऐवजी मोबाइल काढून घेतो.

मागच्या चैत्रात तो धाकट्या मुलीला घेऊन जिना चढून आला. तिला तिकडे प्रवेश मिळाला होता. मुलगी चुणचुणीत, बापासारखेच डोळे. भिंतीवरचा रशियन तक्ता ती ओठ हलवत वाचत होती. त्याने टोपी मांडीवर ठेवली आणि सरळ विषयाला हात घातला. "खरं सांग. आठ हप्त्यांत येती का भाषा? का हितंच वर्षभर ठिवू हिला? एजंट म्हन्तो येती. पन मी म्हनलं, आमच्या दोस्ताला तर न्हवती आली. सोसायटीनं धाडला, आन् ऐन वक्ताला त्याला काय कळलं न्हाई." तो थट्टेत म्हणाला. चाळीसेक वर्षं तो ही थट्टा करत आला होता आणि दर वेळी मी मान हलवली होती.

वर्षभर ठेव म्हणालो असतो तर चाललं असतं. मुलीचं एक वर्ष गेलं असतं, एवढंच. एका माणसाचं शिक्षण माझ्या एका वाक्यात बुडालं होतं. आता त्याच्या मुलीचं वर्ष मी माझं तोंड झाकायला वापरणार होतो.

"येते," मी म्हणालो. "मला आली होती."

तो हसत होता, हसायचा थांबला. मी त्याला सगळं सांगितलं. साहेबाने काय म्हटलं, कुठल्या घरांच्या खाली म्हटलं, मी चेअरमनला काय सांगितलं, पारापाशी त्याला काय सांगितलं. मुलीच्या समोरच. मध्येच थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालं नसतं.

त्याने मांडीवरची टोपी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "म्हंजी त्या गोऱ्याला कळलं व्हतं."

"हो."

"आन् तुला?"

"मलाही."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हात आडवा धरला. मुलीला त्याने टेबलावरची वही पुढे ओढून दिली, पेन दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"लिव तुजं नाव," तो म्हणाला. "येती आठ हप्त्यांत. ह्याला आली व्हती."